तांब्या उजव्या हाताला

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष येसाजीराव कराळे साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतले मान्यवर, ज्यांच्यासाठी हा हॉल आज एवढा भरला आहे त्या सत्कारमूर्ती उज्वलाताई ओव्हाळ, हातभार घरसेवा संस्थेच्या माझ्या सेविका मैत्रिणींनो, आणि ज्यांच्या घरांत आम्ही रोज चपला काढून शिरतो त्या सगळ्या कुटुंबांतल्या माणसांनो, आपणा सर्वांना ललिता पारधीचा मनापासून नमस्कार.

पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेल्या जानकीबाई रोकडे यांना वेगळा नमस्कार करते. त्यांचे चिरंजीव कपिलदादांनी त्यांना कोंडाण्याहून टेंपोत बसवून इथं खालापूरपर्यंत आणलंय. बघा, हात वर करून त्या आशीर्वादसुद्धा द्यायला लागल्या! आजी, जरा थांबा. अजून मी काही बोललेलेच नाही.

मंडळी, मी घाबरलेय. पाच मिनिटांपूर्वी अध्यक्ष साहेबांनी याच माइकवरून जाहीर केलं की उज्वलाताई निवृत्त होताहेत आणि उद्यापासून त्यांच्या जागी संस्थेची तपासनीस म्हणून ललिता पारधी काम बघेल. टाळ्या वाजल्या तेव्हा मी बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. मग कळलं, हे आपलंच नाव! तेव्हापासून छाती जी धडधडतेय ती माइकमधून ऐकू येत नसली म्हणजे मिळवलं.

माझी आय मागच्या रांगेत बसलीय, चिमाबाई. कशेळ्याच्या वरच्या आमच्या वाडीतून ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आली. सकाळी जीपमध्ये मला म्हणाली, "तपासनीस म्हंजी काय करायचा गं?" मी म्हटलं, म्हातारी माणसं असतात, अंथरुणाला खिळलेली असतात, कुणाला हातपाय हलवता येत नाहीत. त्यांच्या घरी सेविका जाते. ती सेविका त्यांचं सगळं नीट करते का, हे जाऊन बघायचं. आयनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "आन तुला कोन बघनार?"

तो प्रश्न मी जीपमधून इथवर बरोबर घेऊन आलेय. असो.

ताईंबद्दल बोलायचंय. ताई येण्याआधी आमच्याकडं तपासणी कशी व्हायची, हे जुन्या सेविकांना आठवत असेल. तपासणी म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम! आदल्या दिवशी निरोप यायचा. मग घर सारवायचं, खाटेवर नवी चादर घालायची, आजोबांची दाढी करायची, आजींना पावडर लावायची. पाहुणे आले की पोहे, चहा. तपासणारे साहेब खुर्चीवर बसून वही बघणार, "छान, छान" म्हणणार, आणि आजोबा नव्या चादरीवर जावयासारखे अवघडून पडलेले. दोष कुणाला द्यायचा? घरी माणूस आला की त्याचं आगतस्वागत करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

ताई पहिल्यांदा आल्या त्या न सांगता. चहाला म्हणाल्या, "आधी काम होऊ दे." खुर्ची सरकवली बाजूला आणि बसल्या जमिनीवर, उशीशेजारी. वही मागितलीच नाही! आधी दहा मिनिटं त्या माणसाशी बोलल्या. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशीसुद्धा. तेव्हाच्या सेविका सांगतात, त्या एकमेकींकडं बघत राहिल्या. ही बाई तपासायला आली की माहेरी आली?

ताई खोकताहेत. स्तुती त्यांना सहन होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ताई, आजच्या दिवस ऐकून घ्या. आजी, तुमचाही हात पोहोचला बरं का, मीही हात करते.

आता जे सांगणार आहे ते या हॉलमधल्या तीनच माणसांनी डोळ्यांनी बघितलंय. चार वर्षांपूर्वी मी कामाला लागले. पहिले तीन महिने परीक्षेचे. त्यात तपासणीला नापास झालात तर घरी. मला पहिलं घर मिळालं ते कोंडाण्याचं, जानकीबाईंचं. झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. कपिलदादा कंपनीत जायचे, वहिनी एका फार्महाउसवर कामाला. मी सकाळी जायची आणि पुन्हा चार वाजता. मधले सहा तास आजी एकट्या.

मी जीव लावून काम करत होते, हे आजही छातीठोक सांगते. अंग पुसणं, कूस बदलणं, वेणी घालणं, सगळं वेळेवर. चार वाजता गेले की आजी अख्खा तांब्या घटाघटा प्यायच्या. मी हसायची. म्हणायची, "काय गं आजी, एवढी तहान?" आणि वहीत लिहायची, पाणी भरपूर पितात.

पाचव्या आठवड्यात ताई आल्या. घर बघितलं, पाठ बघितली, कुठं जखम नाही. मी मनात म्हटलं, ललिता, पास झालीस! तेवढ्यात ताईंनी आजींना विचारलं, "तुमच्या खाटेवर मी जरा पडू का?" आजींनी मान हलवली. आम्ही दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि या बाई, इस्त्रीच्या साडीनिशी, आजींच्या खाटेवर आडव्या झाल्या! डावा हात स्वतःच्या पाठीखाली दाबून धरला आणि म्हणाल्या, "मला तहान लागलीय."

मी तांब्याकडं धावले. त्या म्हणाल्या, "तू थांब. तू चार वाजता येणार आहेस."

त्यांनी उजवा हात लांब केला. तांब्या होता डावीकडं, भिंतीकडच्या स्टुलावर. तो पहिल्या दिवशी मीच तिकडं सरकवला होता. का सांगू? उजवीकडं दार. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पाण्याला लागायला नको. आमच्या वाडीत पाण्याला पाय लागला तर म्हातारी माणसं अजून कान धरतात. पाण्याचा मान राखला मी. आणि ज्या माणसासाठी ते पाणी होतं त्याला पाच आठवडे, रोज सहा तास, भरलेल्या तांब्याकडं बघत तहानलेलं ठेवलं.

आजी खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपलं म्हणणं कुणाला तरी कळलं, त्याचं ते पाणी होतं.

मी रडले. मग भांडले! हो, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "ताई, लिहू नका. मी आत्ता तांब्या फिरवते, झालं. माझं काम जाईल." ताई म्हणाल्या, "तांब्या फिरव. आणि मी लिहिणार." त्यांनी माझ्यासमोर आपल्या तपासणीच्या वहीत लिहिलं, माझ्या पूर्ण नावासकट. परत येताना एकाच रिक्षात होतो, पण कर्जत येईपर्यंत मी तोंड फिरवून बाहेर बघत होते. मनात काय काय म्हटलं ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

आठ दिवसांनी ऑफिसात तो अहवाल माझ्या हातात आला. चूक जशीच्या तशी लिहिलेली होती, एक शब्द सौम्य केलेला नव्हता. खाली शेवटची ओळ होती : "ललिता पारधी यांना कामावर कायम करावे. ही चूक त्या आता कुणाच्याही घरात होऊ देणार नाहीत."

मंडळी, त्या एका ओळीवर मी चार वर्षं उभी आहे. म्हणून तर आजच्या या स्टेजला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कालपासून मी एकटीनं सजवलं. झेंडूच्या माळा माझ्या, रांगोळी माझी. फोटो देखणा यावा म्हणून पाण्याच्या बाटल्यासुद्धा टेबलावरून उचलून मागच्या कपाटावर ठेवल्या. नुसती फुलं दिसली पाहिजेत...

आजी, काय झालं? केव्हाच्या हात हलवताय. कपिलदादा, त्यांना बाहेर न्यायचंय का?

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, इथवर येत नाही.

"तुमाला नाय हात करत ती! ताईंकडं दावते. कवाची दावते!"

ताईंकडं?

अरे देवा.

ताई, तुम्ही स्तुतीनं खोकत नव्हतात. घसा सुकलाय तुमचा. आणि समोर हा एवढा मोठा गुच्छ, आणि पाणी मागं कपाटावर. मी ठेवलेलं. थांबा, अध्यक्ष साहेब, तुम्ही उठू नका, मी देते. घ्या ताई. सावकाश. अजून घ्या.

बघा, जानकीबाईंचा हात खाली आला.

हसा मंडळी, खुशाल हसा, मलाही हसू येतंय आणि डोळेही भरून आलेत. अख्ख्या हॉलमध्ये इतकी माणसं, त्यात नवी तपासनीस माइक धरून तपासणीवर भाषण करतेय, आणि बघितलं कुणी? ज्यांना बोलता येत नाही त्यांनी. आय, ऐकतेस ना? सकाळी विचारलंस त्याचं उत्तर पहिल्या रांगेत बसलंय. मला त्या बघणार. उद्या पहिलं घर मी कोंडाण्याचंच घेणार, आणि आधी खाली बसणार.

अध्यक्ष साहेबांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. पाण्याची चूक मात्र पोटात घालू नका. ताई, निवृत्तीला अजून संध्याकाळपर्यंत वेळ आहे, वही तुमच्या पिशवीत आहे.

लिहा. माझं नाव पूर्ण लिहा.