दार मागच्या गल्लीत

चालक : नाही हो ताई, मी बरोबरच आलोय. फोन म्हणतोय, ऐंशी मीटर पुढं गेलं की डाव्या हाताला दार.

सून : तिथं दार नाहीये. म्हणजे आहे, पण ते मागचं. गाडी पुढं घालू नका.

चालक : आता घातलीच की. दोन्ही आरसे मिटवून घेतलेत. खिडकीतून कोपर काढलं तर भिंतीला घासेल.

सासू : कुठं पोचला गं तो? छोट्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीत शिरला.

सून : जवळच आहे, आई. आपल्या मागेच आहे अगदी.

सासू : मागे? मागे तर नाला आहे.

सून : नाल्याच्या कडेची गल्ली.

सासू : त्या गल्लीत कुत्र्याला शेपूट हलवायला जागा नाही, आणि हा गाडी घेऊन शिरला? डोळे काय घरी ठेवून आलाय?

चालक : काकू, ऐकतोय मी. तिघं एकाच फोनवर आहोत.

सासू : ऐकायलाच म्हटलं.

(सून ऑफिसच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर. सकाळी घरचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, तेव्हापासून सासऱ्यांचा श्वास छोट्या सिलिंडरवर चाललाय. मोठा सिलिंडर या गाडीत आहे. नेहमीचा चालक रजेवर, हा नवखा.)

सून : दादा, गाडी मागे घ्या. मोठ्या रस्त्याला लागा, शाळेच्या कोपऱ्यावरून वर या. पुढचं दार तिकडून आहे.

चालक : तुमच्या फोनात तसं दिसतंय?

सून : हो.

चालक : माझ्यात नाही. परवा माझा नकाशा बदलला. नवीन आलाय, घराघराचं दार दाखवतो. तुमचंही दाखवतोय, हे काय समोर.

सून : माझ्यात अजून जुनाच आहे.

सासू : नकाशाच्या कंपनीत तू राबतेस, आणि तुझ्याच फोनात जुना?

सून : टप्प्याटप्प्यानं देतात, आई. आधी शंभरातल्या पाच जणांना, मग वीस जणांना. काही बिघडलं तर कळावं म्हणून.

सासू : म्हणजे पाच जणांनी आधी खड्ड्यात पडून दाखवायचं. छान.

सून : बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलाय ना? आकडा किती?

सासू : शहाऐंशी. मघाशी नव्वद होता. नखं निळी दिसायला लागलीत गं.

सून : त्यांना उठवून बसवा. पाठीला दोन उशा लावा. दादा, घेताय ना मागे?

चालक : घेतली असती हो. मागून पार्सलची गाडी येऊन चिकटलीय. तो म्हणतो, त्याच्याही फोनात दार इथंच. चौदा नंबरचं घर.

सून : चौदा नंबरचंही.

चालक : त्यात काय एवढं?

सून : काही नाही. त्याला म्हणा, आधी तू निघ.

चालक : त्याच्या मागे आणखी एक रिक्षा आलीय. असं करतो, पुढंच रेटतो. नकाशा गल्ली आरपार दाखवतोय. पलीकडून रस्त्याला लागतो आणि फिरून येतो.

सून : नको. पुढं विजेचा खांब आहे. खांबापाशी जेमतेम पाच फूट राहतात. गाडी रुतून बसेल, दारं उघडायची नाहीत, सिलिंडर आतच राहील.

चालक : नकाशात आरपार आहे, ताई. एवढी मोठी कंपनी, आकाशातून फोटो काढून रस्ते आखतात म्हणे. तुम्ही ऑफिसात बसून सांगताय. मी कुणाचं ऐकू?

सून : माझं.

चालक : का म्हणून?

सून : नकाशात ती गल्ली मीच आरपार दाखवलीय. ते दारही मीच तिथं ठेवलंय.

सासू : काय केलंस तू?

सून : सांगते, आई, आधी हे होऊ द्या. दादा, गाडी बंद करा. मागचं दार अजून उघडतंय ना? सिलिंडर उतरवा. पार्सलवाल्याला हात लावायला सांगा.

चालक : ए भाऊ, ये इकडे. नंतर भांड, आधी हे धर. कोणाचा तरी श्वास आहे यात. ... ताई, कितवं दार?

सून : खांबापासून सहावं. हिरव्या रंगाचं. दाराआधी अकरा पायऱ्या आहेत.

चालक : पायऱ्या? नकाशात पायऱ्या नाहीत.

सून : नाहीत. मी टाकल्याच नाहीत.

चालक : पन्नास किलोचं धूड आहे हे. शाबास आहे तुमची.

सासू : अगं, मागचं दार दोन वर्षांत कुणी उघडलं नाहीये. त्याला लोखंडी पलंग टेकवून उभा केलाय.

सून : तो सरकवावा लागेल.

सासू : आणि यांच्यापाशी कोण बसेल?

सून : कुणी नाही. दोन मिनिटं. जा, आई.

सासू : अहो, आलेच मी. असेच बसून राहा, आडवे होऊ नका. ... हं. आता बोल. हात पलंगाला लागलेत, कान मोकळे आहेत.

सून : आपल्या रांगेत बावीस घरं. नकाशात सगळ्यांची खूण आपल्या एकट्या घरावर होती. कुणाचंही पार्सल आलं की घंटी आपली. बाबांचा जरा डोळा लागला की घंटी. मी तीनदा रीतसर तक्रार केली, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग एक दिवस कामाच्या यादीत आपलीच रांग माझ्या पुढ्यात आली.

सासू : मग नीट करायची होतीस.

सून : नीट म्हणजे बावीस दारं, बावीस नोंदी, प्रत्येकीला फोटो जोडायचा. आणि आम्हाला तासाला साठ नोंदी उरकायच्या असतात. मागची गल्ली म्हणजे एक रेघ. रांगेची दारं मागे आहेत म्हटलं की एका नोंदीत बावीस घरं निकालात. वाटलं, पार्सलवाले दुचाकीवर येतात, जातील मागे. घंटी तरी थांबेल.

सासू : वर कुणी तपासत नाही?

सून : तपासणाऱ्याला तासाला दोनशे नोंदी.

सासू : म्हणजे न बघता हो म्हणायला माणूस ठेवलाय. आमच्या इथं शाळेचा शिपाईसुद्धा यापेक्षा नीट बघून आत सोडतो. ... सरकला मेला एकदाचा.

सून : दोन महिने काहीच झालं नाही. माझ्या फोनात जुनंच दिसायचं. वाटलं, नामंजूर झालं असेल. खरं सांगू? मी विसरूनही गेले.

चालक : काकू, पायऱ्या संपल्या. दार उघडा.

सासू : कडी गंजून बसलीय. हलत नाही.

चालक : बाजूला व्हा. पाय सांभाळा. भाऊ, एक, दोन...

सून : आई? आई, काय झालं?

सासू : दार गेलं. जाऊ दे. तो आत पळाला.

सून : बाबा कसे आहेत?

सासू : थांब गं जरा. मान टाकलीय यांनी. अहो. अहो, इकडे बघा.

चालक : काकू, नळी माझ्याकडे द्या. ही चावी उलटी का बसवलीय? हं, आलं. बाटलीत बुडबुडे आले. आजोबा, नाकानं घ्या. घाई नको. मी काही गाडी घेऊन पळत नाही, पळूच शकत नाही.

सून : आकडा सांगा कुणीतरी.

सासू : ब्याऐंशी.

सून : देवा.

सासू : चौऱ्याऐंशी. थांब. अठ्ठ्याऐंशी. डोळे उघडले. माझ्याकडे बघताहेत. कपाळाला आठ्यासुद्धा घातल्यात.

चालक : मग सुधारले. ताई, एक सांगून ठेवतो. मला तुमचा सणसणीत राग आलाय. मी पुढं रेटली असती तर हे आजोबा माझ्या माथी बसले असते. तुमच्या नाही. नकाशाला कोण विचारतंय.

सून : माहितीये.

चालक : आणि तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. तेही सांगून ठेवतो. काकू, पाणी देता का?

सासू : माठ तिकडे आहे. त्या पार्सलवाल्यालाही दे. ... सूनबाई.

सून : हं.

सासू : चौदा नंबरातल्या पोरीचे दिवस भरलेत. तिला न्यायला गाडी येईल ती कुठल्या दाराला?

सून : चालकाच्या फोनात जुनं असेल तर पुढं. नवीन असेल तर मागे.

सासू : आणि कुणाच्या फोनात काय, ते कुणाला ठाऊक?

सून : कुणालाच नाही. सोमवारी नवा नकाशा आणखी फोनांत जाणार आहे.

सासू : मग थांबव.

सून : मला नाही थांबवता येत. चूक झाली म्हणून कळवलं की ती यादीत पडते, तीन आठवडे कुणी हात लावत नाही. जाणूनबुजून खोटं भरलं असं साहेबांना सांगितलं, तरच त्याच दिवशी काढतात.

सासू : आणि तसं सांगणारीला ठेवतात?

सून : नाही. पहिल्या मजल्यावरच्या एकीला गेल्या महिन्यात दुपारीच घरी पाठवलं. टेबलावरची बाटलीही घेऊ दिली नाही.

सासू : हं.

सून : बाबांचं मशीन दुरुस्त करायचंय. सिलिंडरचा खर्च आहे. नोकरी गेली तर कसं करायचं, आई?

सासू : ते मला विचारू नकोस. मला यातलं काही सुचत नाहीये. यांची नळी धरून बसायचं, एवढंच मला कळतंय.

चालक : काकू, ब्याण्णव झाला.

सासू : बघितलं रे. ... तुझा साहेब कुठं आहे?

सून : आत. काचेतून दिसतोय. जेवतोय.

सासू : त्या पोरीच्या कळा काही त्याचं जेवण व्हायची वाट बघणार नाहीत.

सून : तुम्ही रागावलात?

सासू : रागावलेय. घरी ये, मग बोलेन मनसोक्त. आता पदर सारखा कर, ओढणी असेल तर ओढणी, आणि आत जा.

सून : जाते.

सासू : आणि हे बघ, फोन बंद करू नकोस. तसाच हातात असू दे. मी काही बोलणार नाही.