दगडावरची नावं

पनवेलच्या एसटी स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत उभ्या आशालताबाईंचे कान पुढच्या कोळी आजी-नातीकडे लागले.

“रोशनी, परदेशात जाऊन काय शिकनार तू?”

“आयर्लंडच्या जुन्या दगडांवरची भाषा. दीड हजार वर्षांपूर्वीची.”

“काय लिवलंय त्यावर?”

“अमक्याचा मुलगा तमका. बहुतेक एवढंच.”

“बस? भांडन नाय, बाजार नाय?”

“नावांवरूनच भाषा ओळखायची, आजी.”

“बायकांची नावं?”

“जवळजवळ नाहीतच.”

“म्हंजे बायका नव्हत्या?”

“होत्या गं!”

“मंग बोलत नव्हत्या?”

“बोलत असतीलच की.”

आजी गोंधळली.

“आपल्या होडीवर बी तुज्या आज्याचं न् बापाचंच नाव हाय. जायच्या आदी माजं लिव.”

“लिहिते. जनी.”

“ते लग्नात तुज्या आज्यानं ठेवलं. थांब, आदीचं आठवू दे.”

गाडी लागली. आजी जागची हलेना.