माय या नावाच्या पत्त्यावर आलेली पत्रे

मी, सुवर्णा पंकज बोंडे, वय ३६ वर्षे, शिक्षण बारावी, व्यवसाय जवारीचे पापड व शेवया करून विकणे, राहणार बोरगाव, मंडल भीमपूर, जिल्हा आदिलाबाद, आज दिनांक ६ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी बारा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते ते असे. मला तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून हेड कॉन्स्टेबल भिवाजी यांनी माझे म्हणणे मराठीत लिहून घेतले आहे.

माझ्या घरी मी आणि माझी सासू देवकाबाई, वय ७१, अशा दोघीच राहतो. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी कमी दिसते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही व त्यांच्याजवळ फोन नाही. माझे पती पंकज हे दिनांक ११ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी पैनगंगेला पाणी चढत असल्याने काठावरची मोटर काढायला गेले. ते परत आले नाहीत. गाडी घाटावर मिळाली. चप्पल गाडीजवळ होती. अकरा दिवस शोध झाला. अंग मिळाले नाही. त्याबाबत याच ठाण्यात नोंद आहे. त्या सकाळी आमच्यात बोलाचाली झाली होती, हे मीच तेव्हाच्या जबाबात सांगितले होते. त्यावरून गावात काय बोलले जाते ते मला माहीत आहे.

पंकज गेल्यानंतर मी गावातल्या पाच बायांना सोबत घेऊन पापडाचे काम वाढवले. गेल्या डिसेंबरमध्ये हैदराबादच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितले की, फुकटच्या ईमेलवरून आलेल्या भावपत्रकाचा आम्ही विचार करत नाही, कंपनीच्या नावाचा ईमेल पाहिजे. म्हणून मी दिनांक २ जानेवारी रोजी आदिलाबादला कॉम्प्युटरचे काम करणारे भार्गव यांच्या दुकानात गेले. त्यांनी माझ्यासमोर इंटरनेटवर 'जवारघर' हे नाव शोधले. ते आधी कोणीच घेतलेले नव्हते. माझ्या नावाने व माझ्या फोन नंबरवर ते घेतले. मग त्यांनी ईमेलच्या दोन पेट्या केल्या, एक सुवर्णा नावाची व एक ऑर्डर नावाची. ते म्हणाले, "ताई, लोक पत्ता लिहिताना चुकतात. म्हणून एक झोळी बी ठेवतो. आपल्या नावापुढं कोणी काहीबी लिहिलं, तरी ते पत्र हरवणार नाही, झोळीत पडंल." शिवाय आपल्या नावाने दुसऱ्या कोणी खोटे पत्र पाठवू नये म्हणून त्यांनी काही नोंदी टाकल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यानंतर आपल्या पेटीतून निघालेल्या पत्रावरच आपली सही लागते. आपल्या नावाचे बिगर सहीचे पत्र आत येत नाही. नोंदी सगळीकडे पोहोचायला एक दिवस लागेल, असे सांगून त्यांनी मला घरी पाठवले.

दिनांक ३ जानेवारी रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी फोनवर पेटी उघडली. तोपर्यंत नवा पत्ता मी कोणालाही दिला नव्हता. झोळीत एक पत्र होते. ते 'माय' या नावाच्या पत्त्यावर आले होते. असा पत्ता आम्ही केला नव्हता. पाठवणाऱ्याच्या जागी 'पंकज' व पुढे आमच्याच कंपनीचे नाव होते. तसाही पत्ता आम्ही केला नव्हता. आत एवढेच होते: "माय, जेवली का."

मी लगेच भार्गव यांना फोन केला. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "ताई, सही आपलीच हाय. पेटी मात्र नाही." मी विचारले, असे कसे होते? ते म्हणाले, "होत नाही." मी त्यांच्यावर संशय घेतला व तसे बोलले. त्यांनी आपल्या मुलीची शपथ घेतली. माझ्या हातून सर्व पासवर्ड बदलून घेतले व ते मला विचारले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र आले.

त्यानंतर रोज एक पत्र येत होते. वेळ नेहमी सकाळी अकराच्या आसपास. "माय, डोयाचं औषध टाकत जा." "माय, मागच्या दारानं जाऊ नको, फरशी निसटली हाय." मागच्या दाराची फरशी निसटलेली मला माहीत नव्हती. मी जाऊन पाय ठेवून पाहिला. निसटलेली होती.

मी सासूबाईंना यातले काही सांगितले नव्हते. दिनांक ९ जानेवारी रोजी मी शेवया वाळत घालत असताना त्या आपणहून म्हणाल्या, "सुवर्णा, पंक्याचं काई आलं का?" मी विचारले, "काऊन इचारता?" त्या म्हणाल्या, "येऊन राह्यलं असंल, म्हणून इचारलं." त्या दिवशी मी त्यांना सातही पत्रे वाचून दाखवली. त्या रडल्या नाहीत. शेवटचे पत्र दोनदा वाचायला लावले.

त्यानंतर सासूबाई रोज उत्तर सांगत व मी लिहीत असे. "लिव, म्या जेवली. लिव, गाय व्याली." मी ते पंकज नावाच्या पत्त्यावर पाठवत असे. भार्गव यांच्या म्हणण्याप्रमाणे असा पत्ता नसल्यामुळे ही उत्तरे आमच्याच झोळीत पडायला पाहिजे होती. ती पडली नाहीत. परतही आली नाहीत.

सर्व पत्रे सासूबाईंच्या नावाने होती. माझ्या नावाने एकही आले नाही. दिनांक १९ जानेवारी रोजी सासूबाई शेजारणीबरोबर कीर्तनाला गेल्या असताना मी माझ्यातर्फे एक ओळ लिहिली: "तुमी पाण्यात आपल्या मनानं गेले का?" हे मी कोणाला दाखवले नाही. पाठवल्यावर माझ्या पेटीतून पुसून टाकले. पुढचे पंधरा दिवस मी पेटी वारंवार उघडून पाहत होते. किती वेळा, ते सांगता येत नाही. मला उत्तर आले नाही. सासूबाईंची पत्रे रोज येत होती.

दिनांक ३ फेब्रुवारी, सोमवारी पत्र आले: "माय, उद्या सकाळी नऊला घाटावर ये. एकटीच ये. भाकर आण." हे वाचून मला भीती वाटली. आंधळ्या बाईला कोणी नदीवर एकटे बोलावत असेल तर त्याच्या मनात बरे नसेल, असे मला वाटले. मी ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवले नाही. आज पत्र आले नाही, असे सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी जवारीचे पीठ जास्तीचे काढायला सांगितले. पाहुणे येणार आहेत का, असे मी विचारले नाही.

दिनांक ४ रोजी सकाळी मी पापडाच्या कामावर असताना सासूबाई घरातून निघाल्या. दहाला मला त्यांची खाट रिकामी दिसली. मी धावत घाटावर गेले. घर ते घाट सव्वा किलोमीटर आहे व वाटेत दोन नाले आहेत. गेल्या दीड वर्षात त्या एकट्या देवळापर्यंतही गेलेल्या नाहीत.

त्या पाण्याजवळच्या दगडावर बसल्या होत्या. लुगडे गुडघ्यापर्यंत ओले होते. शेजारी डबा होता. तो रिकामा होता, धुऊन पालथा घातला होता. मी त्यांना धरले. मी ओरडून बोलले, हे खरे आहे. त्या म्हणाल्या, "वरडू नको. जेवला. लई वाळला हाय." मी विचारले, कोठे गेला? त्यांनी पलीकडच्या काठाकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, हात केला. तिकडे कोणी नव्हते.

थोडे खाली धोंडीबा नावाचे इसम जाळे टाकत होते. ते साडेसातपासून तेथे होते. त्यांनी मला सांगितले, "म्हातारी एकटीच आली, एकटीच बसली. घंटाभर बोलून राह्यली होती. मले कोणी दिसलं नाही." नंतर ते थांबून म्हणाले, "पर ते दगडावर अर्ध्यातच बसली होती, बाई. अर्धा दगड मोकळा सोडून." आजूबाजूच्या वाळूत सासूबाईंचीच पावले होती. मी स्वतः पाहिली. त्यानंतर धोंडीबा त्या घाटावर गेलेले नाहीत, असे ऐकते.

घरी येताना दुसऱ्या नाल्याजवळ सासूबाई थांबल्या व म्हणाल्या, "तुले एक सांगायचं राह्यलं. नाही म्हणे." मी म्हटले, "काय नाही?" त्या म्हणाल्या, "मले काय मालूम. तू इचारलं म्हणे कायतरी. तिले सांग, नाही म्हणे. पाय घसरला म्हणे." मी नाल्याच्या काठावर बसले. किती वेळ बसले, ते आठवत नाही. सासूबाईंनीच मला उठवून घरी आणले.

त्या दिवसापासून एकही पत्र आलेले नाही. सासूबाई विचारत नाहीत. त्या नीट जेवतात.

माझे म्हणणे असे की, माझ्या कंपनीच्या नावाचा वापर करून ही पत्रे कोणी पाठवली त्याचा तपास व्हावा. कोणी जिवंत माणूस यामागे असेल तर तो मला कळावा. तसेच पैनगंगेच्या पलीकडच्या काठाने खालच्या अंगाला पुन्हा शोध घ्यावा. तेव्हा पूर होता, तिकडे कोणी उतरू शकले नव्हते. सासूबाईंनी मला सांगितलेले मी पुरावा म्हणून देत नाही. माझा संशय कोणावरही नाही. भार्गव यांच्यावरचा मी काढून घेतला आहे. झोळी बंद करावी, असे ते व ठाण्याचे साहेब दोघेही म्हणतात. तपास होईपर्यंत ती मी बंद करणार नाही. हैदराबादच्या दुकानदाराची पहिली मागणी काल आली आहे, तिचे काम सुरू आहे.

हा जबाब हेड कॉन्स्टेबल भिवाजी यांनी मला सावकाश वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदात 'मयत पती' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'माझे पती' असे केले व खोडलेल्या जागी मी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.