कड्यावर हाक मारायची नाही

...आणि वर विचारतात, समुद्र जरा अलीकडे मिळतो का बघा! तुम्हाला सांगतो, साधा एका दिवसाचा ट्रेक हो! पहाटे विश्रांतवाडीतून निघायचं, कोकणात कड्याकड्यानं चालायचं, खाली समुद्र बघायचा, रात्री घरी. आमच्या सुदर्शननं सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच टाकलं आणि संपलाच बिचारा! पूर्णिमावहिनींचा प्रश्न, "कड्यावर उपासाचं मिळेल ना?" वैष्णवीला रेंज हवी. "अंकल, फोटो टाकता आले नाहीत तर गेल्याचं कळणार कोणाला?" हेही झेपलं असतं हो त्याला, पण तिथला वाटाड्या फोनवर आवाज बारीक करून काय म्हणाला? "सायेब, कड्यावर कुनाला नावानं हाक मारायची नाय. जो बरोबर नाय, तोच ओ देतो."

झालं! साधा एका दिवसाचा ट्रेक हो! हाक मारायची नाही, मग माणसं मोजायची कशी? कोणी फोटो काढत कडेला गेलं तर? सुदर्शनची झोप उडाली. जरा डोळा लागला की कोणीतरी लांबून ओ देतंय! पण पुणेरी डोकं शेवटी... म्हणाला, फ्लॅट नंबरनं हाक मारू. भूत काय सोसायटीचं मेंबर आहे?

रविवारी सकाळी गच्चीवर तालीम. आम्ही सगळे पाण्याच्या टाकीमागे, हा इकडे. "एकशे चार!" "ओ!" "दोनशे एक!" "ओऽऽ!"

सुदर्शनच्या शेजारीच तीनशे दोनचे नागोराव कपडे वाळत घालत होते. ते येणार नव्हते. खरं तर या कड्याचं वेड त्यांच्या द्वारकावहिनींचं. गेल्या वर्षी हाच बेत निघाला तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं, आणि दिवाळीआधी त्या गेल्या... तेव्हापासून हा माणूस गेटबाहेर नाही. सुदर्शन रोज विनवायचा, "काका, चला हो, काकूंसाठी तरी!" "ती नाही, तर समुद्र पाहून करू काय?" संपला विषय. फार वाईट वाटायचं हो.

आणि हा शहाणा ओघात ओरडला, "तीनशे दोन!"

नागोरावांच्या तोंडात दोन चिमटे... आणि आमच्या मागून आवाज, "ओ! आले हो, आले!" द्वारकावहिनी! जिना चढताना धापा टाकत म्हणायच्या, अगदी तस्सं! मी वळून बघितलं? छे! सगळ्यात आधी पळालो! वैष्णवीची एक चप्पल अजून तिथंच आहे, आणायला जातंय कोण?

सुदर्शन मात्र जागच्या जागी, पांढराफटक; पुढचं त्यानंच सांगितलं. नागोरावांनी तोंडातले चिमटे काढले, हातातल्या ओल्या शर्टानंच डोळे पुसले आणि म्हणाले, "दोन सीट धर, बाबा. एक खिडकीची दे. तिला गाडी लागते."

साधा एका दिवसाचा ट्रेक हो... खिडकीची एकच उरली होती, सुदर्शननं स्वतःला ठेवलेली. दिली. करतो काय? आणि तुम्हाला सांगतो, गाडी त्यालाही लागते!