हिचा आवाज

— नाही, ते 'दिलगीर आहोत' पुन्हा नका म्हणू. आल्यापासून तेच चाललंय तुमचं. तुम्ही काय केलंत हो? तुम्ही तर कालपरवा नोकरीला लागलेल्या दिसता. तुमच्या विमा कंपनीत चोरी झाली साहेबांच्या झोपेत, आणि दारोदार फिरायला धाडलं तुम्हाला. बसा. चहा घ्या, गार होतोय. आणि तो कागद राहू द्या बाजूला. वाचलाय मी. वर्षभर फुकट निगराणी, म्हणजे आमच्या हिच्या नावावर कुणी कर्जबिर्ज काढलं तर तुम्ही मला लगेच कळवणार. अहो मॅडम, जिला जाऊन वर्ष होत आलं तिच्या नावावर कर्ज देणारा कुणी भेटलाच, तर त्याचा फोटो काढून ठेवा — मला बघायचाय.

हसा, हसा. हिलाही आवडला असता. शाळेत भूगोल शिकवायची ही — अर्ध्या वस्तीला हिने नकाशे काढायला शिकवलेत. म्हणून तर बोभाटा जास्त झाला. चोरीतून परक्याचा आवाज बाहेर पडला असता तर लोकांनी ऐकला असता नि विसरले असते. पण बाईंचा आवाज म्हटल्यावर? ओळखणारच ना. 'मागच्या बाकावर कोण बोलतंय' असं हिने म्हटलं की वर्ग चिडीचूप व्हायचा, तोच आवाज. मला कसं कळलं सांगू? तुमच्या पत्रातून नाही, ते फार उशिरा आलं. औषधांच्या दुकानात गेलो होतो, साधा खोकला झाला होता म्हणून. दुकानदार हिचाच विद्यार्थी. बाटली पिशवीत घालताना खाली बघत म्हणाला, 'बाईंना शेवटी अंथरुणातच सगळं व्हायचं ना? फार वाईट वाटलं ऐकून.' आता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर, मी आणि लेक, एवढ्यांनाच माहीत. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर तो गोरामोरा झाला. म्हणाला, 'कुणी नाही... बाईंनीच.'

बाईंनीच! मेलेल्या माणसाने!

मग त्यानेच दाखवलं. तुमच्या कंपनीची ती नर्सची लाइन — विमा घेतला की कधीही फोन करा, मनातलं बोला, औषधांचं विचारा. मणक्यातल्या गाठीने हिला जागचं हलता येईना, तेव्हा मीच नंबर लावून दिला होता. सुरुवातीला एक बाई सांगायची, सेवा सुधारण्यासाठी आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे. आम्हाला वाटलं, असेल बुवा, मोठी कंपनी आहे. आता कळतंय, सगळं तसंच गठ्ठ्याने पडलं होतं. नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी पासवर्ड चालूच ठेवलात, त्यावरून चोर आत शिरले, खंडणी मागितली, तुम्ही नाही म्हणालात. बरोबर केलंत हो, चोरांना कशाला द्यायची? पण मग त्यांनी लाखो माणसांची दुखणी चव्हाट्यावर टाकली. नाव टाकलं की आवाज येतो. इतकं सोपं.

मी? नाही, मी नाही ऐकलं. ऐकवत नाही. म्हणजे, दुकानदाराने लावलं तेवढंच. तिथे गर्दी होती, मी निघून आलो. मला काय करायचंय ऐकून? ही माझ्यापाशी बोलायची ते पुरे होतं मला. प्रश्न माझा नाहीच. प्रश्न लेकीचा आहे.

एकच लेक आम्हाला. आईसाठी बिनपगारी रजा काढून इथे येऊन राहिली. अंघोळ, चादरी, कुशीवर वळवणं, सगळं तिने केलं. मला हात लावू दिला नाही. आणि तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला ते रेकॉर्डिंग पाठवलं — 'ही तुझी आई का गं?' म्हणून. त्यात ही नर्सला सांगतेय की लेक करते सगळं, पण तिच्या हातात नुसती घाई असते हो, मला वाटतं तिला माझी किळस येते, यापेक्षा परकी बाई बरी. आणि मग थांबते, दोनदा खोकते, आणि म्हणते, 'ह्यांना सांगू नका हं, त्यांना वाटतं आम्ही मायलेकी सुखात आहोत.' मग नर्स म्हणते, पाणी घ्या थोडं. भांड्याचा आवाज येतो. मग ही म्हणते, 'ह्यांनी पुन्हा कोमटच ठेवलंय.' आणि जरा हसते...

हो. ऐकलंय. रोज ऐकतो. काय करू? घरात हिचा आवाज नव्हता कुठेच. फोटो आहेत, आवाज नव्हता. चोरांनी आणून दिला. तुम्हाला विचित्र वाटेल, पण तुम्ही मघाशी म्हणालात ना की ते सगळं इंटरनेटवरून काढून टाकायला लावतोय, तेव्हा मी म्हणणारच होतो, राहू द्या.

पण लेकीचं तसं नाही ना. तिचा फोन आला. आवाज इतका बारीक. 'बाबा, आई असं म्हणाली?' मी म्हटलं, अगं, औषधांच्या गुंगीत होती. 'तुम्ही ऐकलंत?' नाही म्हणालो. ती म्हणाली, 'मग गुंगी कशी कळली तुम्हाला?' आणि ठेवला फोन. तेव्हापासून जावईबापूच उचलतात. ती झोपलीय, ती बाहेर गेलीय. तेही बिचारे काय करणार? एकदा म्हणाले, 'बाबा, ती सारखी हात धुते हो.'

म्हणून तर तुम्हाला या म्हटलं. त्या कागदावरच्या सहीसाठी नाही. माझं ऐका नीट. चोरांनी सगळे फोन नाही टाकलेले. शेवटच्या दिवसांतला एक राहिलाय. मला माहीत आहे, कारण मी तेव्हा दारात होतो. गरम पाण्याची पिशवी घेऊन आलो, तर ही फोनवर सांगत होती, 'माझी लेक ना...' आणि चेहरा असा फुललेला! तसा चेहरा आजारात मी पाहिलाच नव्हता. मला बघितलं आणि हाताने खूण केली, दार लावा म्हणून. मी लावलं. मला वाटलं, बायकांचं बोलणं आहे, बोलू दे. तेवढा फोन मला द्या. बाकी काही नको. कागदावर कुठेही सही घ्या, निगराणी नको, काही नको.

काय? स्वतः ग्राहकानेच अर्ज करायला हवा? मॅडम, ग्राहक वारलाय. मृत्यूचा दाखला तुमच्याकडेच आहे. खाजगी माहिती तिसऱ्या व्यक्तीला देता येत नाही — मी तिसरी व्यक्ती? औषधवाल्याने ऐकलं, लेकीच्या ऑफिसने ऐकलं, रस्त्याने जाणारा ऐकू शकतो, आणि मी तिसरा? नाही, नाही, चिडत नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वरच्या साहेबांशी बोला, मी थांबतो. मी लेकीला सांगूनही बसलोय हो. काल जावईबापूंना म्हटलं, कंपनीच्या बाई येणार आहेत, आईचा तो चांगला फोन मिळेल. तर मागून लेकच आली फोनवर. इतक्या दिवसांनी. म्हणाली, 'खरंच, बाबा? मी येऊ?' निघालीही असेल ती.

काय म्हणाले साहेब? अशा का बघताय?

पुसलं?

सगळंच?

पुन्हा चोरी होऊ नये म्हणून... हो. हो, बरोबर आहे. वकिलांनी सांगितलं असेल. कुठेच नाही का? एखादी प्रत वगैरे... बरं.

म्हणजे चोरांनी नेलं तेवढंच उरलं हिचं.

नाही, पाणी नको. मी ठीक आहे. तुम्ही रडू नका, तुमचा काय दोष? मी आपला विचार करतोय, तिला काय सांगू. आईने काय म्हटलं असेल हो? तुम्हालाही आई असेल. नको, तुम्ही नका सांगू. मीच सांगेन तिला काहीतरी — मी दाराआडून ऐकलं होतं, असं असं म्हणाली. पण ती म्हणेल, बाबा, ऐकवा. आणि माझ्याकडे माझाच आवाज आहे.

जा पोरी तू. तो कागद घेऊन जा. खाली रिक्षा थांबली वाटतं — जिन्यात ती भेटली तर काही बोलू नकोस, नुसती बाजूला हो. जा.