वर काढायची खूण

नाही हो, दुखत बिखत नाही – कानाला दडे बसतात तेवढे, विमानात बसतात तसे. तुमचे यजमान उद्यापासून का? बसा ना. ती काचेची खिडकी दिसतेय ना टाकीला – त्यात माझा मर्व्ह. दाबाखाली ऑक्सिजन देतात, दीड तास. मेंदूला बरं म्हणे. म्हणजे डॉक्टर म्हणाला, खात्री देत नाही – पण घरात मलाच ‘बाई, तुम्ही कोण?’ विचारायला लागला, तेव्हा म्हटलं, हेही करून बघू.

दाबाची त्याला कसली भीती! पोर्ट लिंकनचा पाणबुड्या तो, एकतीस वर्षं अबालोनचे शिंपले काढले. होडीवर मी, त्याची हवेची नळी सांभाळायला. बरं, अंगठा वर केला म्हणजे काय, सांगा? – ‘मस्त’ ना? सगळे तेच म्हणतात. टाकी चालवणारी ती टेगन, पहिल्या दिवशी तिनं काचेतून हसून अंगठा दाखवला – तर ह्यानं तोंडावरचा मास्कच काढून टाकला! पाणबुड्यांत अंगठा म्हणजे ‘वर घे’. होडीखाली येऊन त्यानं अंगठा केला की ओढायचं, का म्हणून विचारायचं नाही. एकदासुद्धा खाली ठेवला नाही हो मी त्याला.

इथं मात्र रोज काचेपाशी येऊन मला अंगठा दाखवायचा – हसू नाही, काही नाही, नुसता अंगठा. टेगन टाळ्या वाजवायची, ‘आजोबा खूश आहेत, नोरीन!’ आणि मी पंजा धरायची – थांब, खालीच थांब. अडतीस दिवस. का, तर तिसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाला, ‘नोरीन, चहा पांचट झालाय.’ नाव घेऊन. एकदाच हं. तेवढ्यावर.

आज ठरवून आले होते – त्यानं अंगठा केला की टेगनला सांगायचं, बास, काढा त्याला वर. आत्ता तुम्ही यायच्या आधी केला की त्यानं. पण हसत. टेगनला केला, भिंतीवरच्या घड्याळाला केला, मग मला – टेगन करते ना, अगदी तस्सा. ‘वर घे’ म्हणणारा मर्व्ह नव्हताच तो. मी पण अंगठा दाखवला. दुसरं काय करणार?

तुम्हाला बोलावतायत बघा, कागद भरायला. – नाही, मला काही होत नाहीये. जा तुम्ही.