बुढ्यानं सरळ केलेला मॉनिटर

हसाल, पण आधी ऐका. संध्याकाळी बुद्धविहारात आम्हा बायांच्या सहलीचा व्हिडिओ दाखवायचा होता. तो मीच कम्प्युटरवर तुकडे जोडून बनवत होते; कोण्या क्लासात न जाता शिकले मी. चित्र अडकायला लागलं म्हणून ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकला, तर अख्खा स्क्रीन उलटा! सगळ्या बाया डोक्यावर उभ्या.

आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, म्हणे, "जावयाले फोन लाव."

"काऊन? मले हात नाईत?"

सेटिंग काही सापडेना. तेवढ्यात बुढ्यानं मॉनिटरच उलटा करून गव्हाच्या डब्याला टेकवला. "घे, झाला सरळ. कर काम."

केलं. पण मॉनिटर डुगडुगत होता. तो पडेल या भीतीनं बुढ्यानं जावयाला फोन केलाच. जावयानं पुण्याहूनच आमच्या कम्प्युटरात शिरून जुना ड्रायव्हर टाकला.

"आई, झालं सरळ!"

"कायचं सरळ, जावईबापू? आत्ता तर उलटं झालं!"

"असं कसं होईल?"

बुढा उठला आणि त्यानं मॉनिटर पायावर उभा केला.

विहारात व्हिडिओ वेळेवर लागला. बाया टाळ्या वाजवत होत्या आणि बुढा शेजारच्याला सांगून राह्यला होता, "दोनदा बिघडवला या सासू-जावयानं. दोन्ही वेळा म्याच दुरुस्त केला!"